सांगितलेले कुठे जाते? : कामगार कल्याण अधिकाऱ्यापासून समुपदेशकापर्यंत

सावंगी (मेघे) येथे मी राहायला आलो त्याला आता बारा वर्षे झाली. वर्ध्याला लागून असलेले हे गाव. जवळपास सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), पिपरी (मेघे) अशीही गावे आहेत, त्यामुळे बाहेरचा माणूस पत्ता लिहिताना कंसातच अडकतो. १९९० साली येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याला जोडून आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उभे राहिले, आणि गावाचा दिनक्रम शेतीच्या वेळांवरून पाळ्यांच्या वेळांवर आला. माझी सारी नोकरी कापड गिरणीत झाली. भोंग्यावर घड्याळ लावायची सवय अजून सुटलेली नाही. इथे भोंगा नाही, पण पाळी सुटली की ती रस्त्यावरून कळते. परिचारिका, वॉर्डातले मदतनीस, पहारेकरी, खानावळीतल्या बाया असे घोळके चहाच्या टपरीशी थांबतात, दोन घोट घेतात आणि पांगतात. गिरणीच्या फाटकावर मी हेच पाहत असे.

गेल्या पावसाळ्यात शेजारची एक मुलगी घरी आली. ती नागपूरला एका खासगी कंपनीत नोकरी करते, आठवड्याला गावी येते. कंपनीने तिला एक फोन नंबर दिला होता. कामाचा ताण आला, झोप उडाली, घरी भांडण झाले, तर या नंबरावर समुपदेशकाशी बोला, पैसे कंपनी भरेल, असे त्याच्याबरोबरच्या कागदावर छापलेले. तिने कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "काका, तुम्ही हेच काम करत होते ना? मग सांगा, तिथं सांगितलेलं साहेबापर्यंत जाते का?"

मी तिला त्या दिवशी धड उत्तर दिले नाही. "कागदावर लिहिलंय ना, गुप्त राहील म्हणून," एवढेच म्हणालो. पण प्रश्न मनातून जाईना. मी विदर्भातील एका गिरणीत एकोणीस वर्षे कामगार कल्याण अधिकारी होतो. हा प्रश्न मला माझ्या नोकरीत एका माणसाने विचारला होता, आणि तेव्हाचे उत्तर फार वाईट होते. त्यामुळे मी जुने अहवाल आणि कायदे पुन्हा वाचायला घेतले. कामावरच्या माणसाचे मन ऐकून घेण्याची ही व्यवस्था आपल्याकडे आली कुठून, कोणी आणली आणि कोणासाठी आणली, याचा हा शोध आहे.

एम्प्रेस मिलचे बक्षीस

आमच्या भागात ही गोष्ट नागपूरपासून सुरू होते. जमशेटजी टाटांनी १८७४ साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले गेले, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस. व्यवस्थापक होते बेझनजी दादाभाई मेहता. ते रेल्वेतून आलेले होते, गिरणीचा त्यांना आधीचा अनुभव नव्हता.

या मंडळींपुढची पहिली अडचण कापसाची नव्हती. कापूस दाराशीच होता. अडचण माणसांची होती. जमशेटजींच्या चरित्रात असे सांगितले आहे की रोज पाचातला एक कामगार गैरहजर असे. पेरणी आली, लग्नसराई आली, सण आला की माणूस गावाकडे निघून जाई, आणि हाती पगार आला की काही दिवस फिरकत नसे. दंड करून भागेना. कामगाराला शेत होते, घर होते. गिरणीवाचून त्याचे अडत नव्हते. तेव्हा बेझनजींनी उलट बाजूने सुरुवात केली. नियमित हजेरी लावणाऱ्याला बक्षिसे सुरू झाली, बक्षीस समारंभ सणासारखे होऊ लागले. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आला आणि १८९५ साली अपघाताची भरपाई. सरकारने अपघात भरपाईचा कायदा केला तो १९२३ साली, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

या उपायांना दयाबुद्धी म्हणावे की हिशेब? मला दोन्ही दिसतात, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. म्हातारपणाची काळजी मिटलेला माणूस गिरणी सोडत नाही, हा हिशेब खरा होता आणि म्हाताऱ्या विणकराच्या हाती पडलेला पैसाही खरा होता. पण एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवली पाहिजे. या साऱ्यात कामगाराला काय हवे, हे कामगाराला विचारलेले नव्हते. मालकाला जे दिसले ते मालकाने दिले.

विचारले नाही तरी सांगणारी माणसे मुंबईत उभी राहत होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठवला. त्यात मागण्या होत्या त्या अगदी साध्या: आठवड्याची एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन. रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी. लोखंड्यांच्या या अर्जात मनाचे आरोग्य असा शब्द नाही. पण थकवा, भीती, पैशाची घोर आणि दुखापतीनंतरची लाचारी, ज्यांवर आजचे समुपदेशक बोलतात, ते चारही विषय त्यात आहेत. फरक इतकाच की लोखंड्यांनी त्यांना माणसाच्या स्वभावातले दुखणे मानले नाही. कामाच्या वेळा, पगाराची तारीख आणि मालकाची जबाबदारी यांतले दुखणे मानले.

जॉबर आणि लेबर ऑफिसर

गिरणीत कामगाराचे ऐकणारा एक माणूस पहिल्यापासून होता. तो म्हणजे जॉबर. आमच्याकडे त्याला मुकादम म्हणत. माणूस कामावर लावायचा तो जॉबर, काढायचा तो जॉबर, रजा द्यायची त्याने, उसने पैसे द्यायचे त्याने, खोलीही पाहून द्यायची त्यानेच. बायको आजारी पडली तर कामगार सांगणार कोणाला? जॉबरला. आणि त्याच जॉबरला दस्तुरी दिल्याशिवाय दुसऱ्या दिवशी साचा मिळेल याची खात्री नसे. म्हणजे अडचण सांगायची तीही ज्याच्या हाती पोट आहे त्यालाच. आपल्या गोष्टीतला पेच इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसतो.

१९२९ साली जे. एच. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक शाही आयोग नेमला गेला. त्यात ना. म. जोशी सदस्य होते. हेच ते १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून चाळींतून वाचनालये, रात्रशाळा आणि दवाखाने चालवणारे जोशी. आयोगाचा अहवाल १९३१ साली आला. जॉबरच्या हातून भरतीचा अधिकार काढून घ्यावा आणि मोठ्या कारखान्यांनी लेबर ऑफिसर नेमावा, ही त्यातली एक महत्त्वाची शिफारस. हा अधिकारी कसा असावा तेही आयोगाने सांगितले आहे: सचोटीचा, उत्साही, माणसे ओळखण्याची हातोटी असलेला आणि कामगारांची भाषा येणारा. आणि तो कोणाच्या हाताखाली असावा? फक्त मुख्य व्यवस्थापकाच्या. मधल्या कोणाच्याही नाही.

हे वाक्य मी नोकरीत असताना कितीदा तरी वाचले असेल. तेव्हा त्यात मला आमच्या पदाचा मान दिसे: खातेप्रमुखाने आम्हाला हुकूम सोडायचा नाही! आता वाचताना दुसरेच दिसते. आयोगाने कामगाराला जॉबरच्या तावडीतून सोडवले ते योग्यच केले. पण त्याचे ऐकणारा नवा माणूसही शेवटी बांधला तो गिरणीच्या सर्वांत वरच्या खुर्चीलाच.

पुढे १९३४ साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने तंटे मिटवण्याचा कायदा करून सरकारी लेबर ऑफिसर नेमला. गिरणीमालक संघानेही आपला अधिकारी नेमला आणि हळूहळू गिरण्यागिरण्यांत ही माणसे दिसू लागली. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना हा डाव वाटला. कामगाराने तक्रार युनियनकडे न नेता साहेबाच्या खोलीत न्यावी, यासाठीच ही खुर्ची मांडली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या आरोपात तथ्य होते. अहमदाबादचा रस्ता वेगळा होता. तिथे अनसूयाबेन साराभाई आणि गांधीजी यांच्या प्रेरणेने १९२० साली मजूर महाजन उभे राहिले. कामगाराने गाऱ्हाणे नोंदवायचे ते गिरणीच्या कचेरीत नव्हे, महाजनाच्या कचेरीत. दवाखाना, शाळा, वाचनालय हेही महाजनाचे. ऐकणारा माणूस कामगारांच्या वर्गणीवर पोसलेला. गांधीजी १९३४ साली वर्ध्याला आले, १९३६ साली शेगावात म्हणजे पुढच्या सेवाग्रामात राहिले. पण अहमदाबादचा तो प्रयोग आमच्या हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांत तसा उतरला नाही. आमच्याकडे आली ती मुंबईची खुर्ची.

कलम ४९

ही खुर्ची भरायला शिकलेली माणसे हवी होती. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. नागपाड्यात वस्तीचे काम करणारे अमेरिकन पाद्री क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. १९४४ साली याच शाळेचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. समाजकार्य ही शिकण्याची विद्या आहे, नुसता कळवळा पुरेसा नाही, हे आपल्याकडे या संस्थेने रुजवले. तिथून बाहेर पडलेले अनेक जण गिरण्या-कारखान्यांत लेबर ऑफिसर झाले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने अधिनियम आला आणि त्याच्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. त्याच प्रकरणात हातपाय धुण्याची सोय, बसायची सोय, प्रथमोपचाराची पेटी, अडीचशे कामगारांमागे उपाहारगृह, दीडशेमागे विश्रांतीची जागा, कामगार स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघर अशी कलमे आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मला जी यादी हाती मिळाली ती हीच. मोऱ्या स्वच्छ आहेत का, उपाहारगृहातला चहा पातळ आहे का, पाळणाघरात दूध येते का. मला हे काम कमी प्रतीचे कधी वाटले नाही. रात्रपाळीच्या बाईचे मूल नीट झोपले आहे, एवढे तिला कळले तरी तिच्या जिवाचा अर्धा घोर जातो.

याच सुमारास मुंबई राज्याने १९५३ साली कामगार कल्याण निधीचा कायदा केला. कामगारांना झालेले दंड आणि त्यांनी न उचललेला पगार मालकाच्या तिजोरीत न राहता या निधीत जमा व्हावा, ही त्यातली मोठी सुंदर तरतूद. त्यातून कामगार कल्याण केंद्रे निघाली, शिवणवर्ग निघाले, आणि कामगार नाट्यस्पर्धा निघाल्या. मराठी रंगभूमीला या स्पर्धांनी किती नट दिले याची चर्चा नेहमी होते. पण आमच्या गिरणीतला एक बदली कामगार नाटकाच्या तालमीच्या दोन महिन्यांत दारूला शिवत नसे, हे मी पाहिले आहे. तालीम हेच त्याचे समुपदेशन होते. शब्द तेवढा ठाऊक नव्हता.

माझी वही

आता जे सांगायचे ते सांगतो. गिरणीचे नाव लिहीत नाही. ती आता उरलेली नाही, आणि दोषाचा माझा वाटा नाव लिहिल्याने कमी होणार नाही.

१९८४ सालचा हिवाळा. रात्रपाळीचा एक विणकर माझ्या खोलीत आला. दार लोटले आणि उभाच राहिला. बस म्हटले तर बसेना. मग बोलू लागला. धाकटी मुलगी तापाने गेली होती. त्यानंतर झोप येत नव्हती, म्हणून पाळीवर येण्याआधी तो थोडी घेऊ लागला होता. दोनदा साच्यापाशी डोळा लागला होता. हात कापत होते. "एखाद्या रातीले हात साच्यात जाईन," असे तो म्हणाला. मी अर्धा तास ऐकून घेतले, डॉक्टरकडे जायला सांगितले, दिवसपाळी मिळते का पाहतो म्हणालो. तो गेल्यावर नियमाप्रमाणे वहीत नोंद केली: अमुक नंबरचा कामगार, पाळीवर दारू पिऊन येत असल्याचे कबूल करतो, समज दिली.

ही नोंद मी सवयीने केली होती. त्याने सांगितलेल्या अर्ध्या तासातले मुलीचे मरण माझ्या एका ओळीत आले नव्हते. दारू आली होती.

दिवसपाळी मिळाली नाही. पुढच्या वर्षी खात्यात एक मोठी चूक झाली, कापड वाया गेले, चौकशी बसली. व्यवस्थापनाने माझी वही मागवली. मी दिली. "देऊ नये" असे मला वाटले होते का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. खरे उत्तर असे की तेव्हा तसा विचारच आला नाही. वही गिरणीची, मी गिरणीचा. चौकशीत ती ओळ मोठ्याने वाचली गेली. त्याला कामावरून काढले. जाताना तो माझ्या खोलीशी थांबला. आवाज चढवला नाही. "मी तुमाले सांगतलं होतं साहेब, कंपनीले नाई," एवढेच बोलून गेला.

त्यानंतर मी दोन वह्या ठेवू लागलो. एक गिरणीची, तिच्यात नाव-नंबर नाही. रात्रपाळीचे किती जण झोप येत नाही म्हणतात, कोणत्या खात्यात भांडणे वाढली, एवढेच. दुसरी माझी, ती घरी. असे करणे नियमात बसते की नाही, मला ठाऊक नव्हते. पुढे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय कामगार आयोगाचा १९६९ चा अहवाल वाचला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की कल्याण अधिकाऱ्याला व्यवस्थापनाच्या वतीने कामगारांच्या तंट्यांत उतरवू नये. माझ्या घटनेच्या पंधरा वर्षे आधी हे छापून झाले होते! आयोगाला ही गोष्ट लिहावी लागली याचा अर्थ माझ्यासारख्या वह्या अनेक कारखान्यांत मागवल्या जात होत्या. माझे एकट्याचे पाप नव्हते, हे कळल्याने थोडे हायसे वाटले. पण त्या विणकराला त्याचा काय उपयोग?

शिकागोजवळचे हॉथॉर्न

दोन वह्यांची ही युक्ती मला वाटली तेवढी माझी नव्हती. अमेरिकेत ती फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेली होती. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न हा टेलिफोनची यंत्रे बनवणारा प्रचंड कारखाना होता. १९२४ पासून तिथे उजेड, विश्रांती आणि उत्पादन यांवर प्रयोग चालले होते. १९२८ साली कंपनीने कामगारांना नुसते बोलते करायचे ठरवले. दोन-तीन वर्षांत एकवीस हजारांहून अधिक मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारत, तेव्हा मुलाखत अर्ध्या तासात संपे. मग ध्यानात आले की माणूस विचारलेल्याचे उत्तर देतो आणि त्याच्या मनात असते दुसरेच. प्रश्न सोडून दिले, फक्त ऐकायचे ठरवले, तेव्हा मुलाखत दीड तासावर गेली.

यातून १९३६ साली तिथे कायमचे समुपदेशक नेमले गेले. त्यांचे नियम कडक होते. ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, कोणाची बाजू घ्यायची नाही, कोणताही अधिकार वापरायचा नाही. १९४८ च्या सुमारास एकवीस हजार कामगारांसाठी पंचावन्न समुपदेशक होते. कामावरच्या समुपदेशनाचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न म्हणता येईल. आणि १९५६ साली तो बंद झाला.

ही हकीकत वाचताना मला प्रथम त्यांचा हेवा वाटला. त्यांनी माझी चूक केली नव्हती. सांगितलेले वर गेले नाही. पण नीट विचार केल्यावर त्यांची अडचण दिसली. सांगितलेले कुठेच गेले नाही! एका खात्यातल्या शंभर माणसांनी शंभर वेळा एकाच मुकादमाचा जाच सांगितला, तरी समुपदेशकाने मान डोलवायची आणि मुकादम तिथेच. माणसाला थोडे हलके वाटे, आणि दुसऱ्या दिवशी तो त्याच साच्यापाशी त्याच माणसासमोर उभा राही. लोखंड्यांनी ज्याला पगाराची तारीख आणि विसाव्याची वेळ म्हटले होते, ते येथे कामगाराच्या मनातली अस्वस्थता झाले. दुखणे जागेचे, औषध माणसाला.

म्हणजे इतिहासात दोन प्रकारची फजिती दिसते. आमच्याकडे सांगितलेले वर गेले आणि सांगणाऱ्यालाच लागले. हॉथॉर्नला सांगितलेले जपले गेले आणि काहीच हलले नाही.

भोंगा थांबल्यावर

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर कापड गिरण्यांचे जग ओसरत गेले. नागपूरची एम्प्रेस मिलही गेली. त्या जागेवर आज मॉल आहे. कल्याण अधिकाऱ्याच्या दारावरची पाटी आधी पर्सोनेल आणि मग मनुष्यबळ अशी बदलत गेली. मोऱ्या आणि पाळणाघर यांची यादी मागे पडली, आणि भरती-कपातीची यादी हाती आली.

मात्र याच काळात दुसऱ्या दिशेने काही चांगलेही घडले. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला हातभार होता. कारखान्यांतले व्यसनी कामगार तिथे उपचाराला येऊ लागले. मला यातली विशेष गोष्ट वाटते ती ही की ऐकणारी जागा कारखान्याच्या भिंतीबाहेर होती. तिथली वही चौकशीत मागवता येण्यासारखी नव्हती. त्या विणकराला मी अशा ठिकाणी पाठवू शकलो असतो, तर? पण १९८४ साली आमच्या भागात असे ठिकाण माझ्या माहितीत नव्हते.

कायद्यानेही उशिरा का होईना पाऊल टाकले. १९९७ च्या विशाखा निकालाने आणि २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती आली. तिच्यात बाहेरचा एक सदस्य असलाच पाहिजे आणि तक्रारीतला मजकूर उघड करायचा नाही, ही दोन्ही कलमे मला माझ्या वहीच्या संदर्भात फार मोलाची वाटतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने रुग्णाच्या गुप्ततेचा हक्क शब्दांत मांडला. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या नंबरावर सुरू आहे. तिथे फोन करणाऱ्याचा मालक कोण, हे कोणी विचारत नाही. २०२० च्या कामगार संहितेने कल्याण अधिकाऱ्यासाठी कामगारांची मर्यादा पाचशेवरून अडीचशेवर आणली आहे.

पण कलम ४९ कारखान्यांचे, आणि आजचे नोकरदार कारखान्यांत कमी आणि इतरत्र जास्त. रुग्णालय हा कारखाना नव्हे. शाळा नव्हे, दुकान नव्हे, संगणकाची कंपनीही नव्हे. आमच्या टपरीशी तीन वाजता थांबणाऱ्या घोळक्याकडे पाहताना मला वाटते की मोठ्या रुग्णालयांत रोज मरण पाहणारी ही माणसे. गिरणीतल्या विणकराने आपल्या घरातले एक मरण पाहिले आणि तो कोलमडला. कायद्याने त्याच्यासाठी निदान एक खोली आणि एक माणूस ठेवला होता, वाईट का असेना. यांच्यासाठी काय ठेवायचे ते ज्या त्या संस्थेच्या मर्जीवर. त्यातही कंत्राटावरचा पहारेकरी आणि सफाईची बाई त्या मर्जीच्याही बाहेर राहतात. आमच्या गिरणीत बदली कामगारांचे तसेच होते. आणि २०१५ पासून राज्य सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मनाची विचारपूस करणाऱ्या आशाताई? त्या तर कागदोपत्री कर्मचारीच नाहीत, स्वयंसेविका आहेत. दुसऱ्याचे ऐकणाऱ्या या बायांचे ऐकायला कोण आहे?

उत्तर

दिवाळीच्या आधी ती मुलगी पुन्हा आली तेव्हा मी तिला सांगितले ते असे.

तुझ्या कंपनीचे मला ठाऊक नाही, पण तू चार गोष्टी विचार. समुपदेशकाला पगार कोण देतो? कंपनी देत असेल तर त्यात वाईट काही नाही, पण मग कराराच्या कागदात गुप्ततेचे कलम आहे का आणि ते तुला वाचायला मिळते का? नोंद कुठे राहते आणि तुझ्या पगाराचा, बढतीचा निर्णय घेणाऱ्याला ती मागता येते का? जिवाला धोका असेल तेव्हा ते कोणाला कळवतात? आणि चौथी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: दहा जणांनी एकच त्रास सांगितला, तर नावे गाळून तो त्रास वर पोचवण्याची काही वाट आहे का?

कारण सव्वाशे-दीडशे वर्षांच्या या गोष्टीतून मला कळले ते एवढेच. माणसाने सांगितलेल्यात दोन भाग असतात. एक त्याचा स्वतःचा: मुलीचे मरण, घरची भांडणे, बाटली. तो ऐकणाऱ्यापाशीच संपला पाहिजे. दुसरा कामाच्या जागेचा: सलग रात्रपाळ्या, तोंडाळ साहेब, उशिरा होणारा पगार. तो वर गेलाच पाहिजे, नाव न लावता. मी पहिला भाग वर पाठवला आणि दुसरा वहीत ठेवला. नेमके उलटे केले.

तिने विचारले, "आणि तो विणकर? त्याचं पुढे काय झालं?"

मी दोन वर्षांनी त्याच्या वस्तीत गेलो होतो. घर दुसऱ्याला दिलेले होते. तो गावाकडे गेला, एवढेच शेजाऱ्यांनी सांगितले. कोणते गाव, ते त्यांना ठाऊक नव्हते. माझ्या वहीत त्याचा हजेरी नंबर होता, खाते होते, पाळी होती. गावाचे नाव मी लिहून घेतले नव्हते.